तुरीच्या मुळाशी लोहाची ओढाताण

तुरीच्या बियाण्याला रायझोबियमचे जिवाणू खत चोळून पेरले, तरी एखाद्या वर्षी मुळांवर गाठीच धरत नाहीत. मग पुडी बनावट होती, असे आपण म्हणून टाकतो. कधी ते खरेही असते. पण चांगल्या पुडीचेही असे का व्हावे, याचे एक कारण आपल्या वडोदऱ्यातच अभ्यासले गेले आहे.

नागरवाड्यातून विश्वामित्री ओलांडून सयाजीगंजाकडे गेले की महाराजा सयाजीराव विद्यापीठाची विज्ञान शाखा लागते. तेथील सूक्ष्मजीवशास्त्राच्या संशोधक जी. अर्चना, अंजना देसाई व त्यांचे सहकारी यांनी मुळांभोवतीचे जिवाणू एकमेकांशी कसे वागतात हे तपासले. त्यांचे याविषयीचे निबंध २००६ साली प्रसिद्ध झाले.

भांडण आहे लोहाचे. जमिनीत लोह पुष्कळ असते, पण चुनखडीच्या जमिनीत ते विरघळत नाही. म्हणून जिवाणू सिडेरोफोर नावाचे द्रव्य बाहेर सोडतात. ते लोहाला पकडते आणि जिवाणू ते लोहासकट आत ओढून घेतो. मात्र प्रत्येक द्रव्याला वेगळे दार लागते. शेजाऱ्याच्या द्रव्याचे दार ज्याच्यापाशी आहे त्याचे फावते. कष्ट शेजाऱ्याचे, जेवण याचे! ज्याच्यापाशी नाही तो उपाशी राहतो, कारण आसपासचे लोह शेजाऱ्याने बांधून टाकलेले असते. तुरीच्या गाठींतील सर्वच जिवाणूंना परके द्रव्य सारखे वापरता येत नाही, असे या प्रयोगांत दिसले. आणि गाठीला लोह तर हवेच. तिचा आतला लाल रंग लोहामुळेच येतो आणि हवेतला नत्र बांधण्यासही लोह लागते.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी एकच असते, जमीन निराळी. पुडीतल्या जिवाणूंचेही तसेच आहे.

हे प्रयोग प्रयोगशाळेतले. शेतात ऊन, औषधे अशी इतर कारणेही असतात, ती तरी आपल्या हाती आहेत. २५० ग्रॅमची पुडी १० किलो बियाण्याला, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून लावावी. बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, जिवाणू शेवटी. शेणखतात हात आखडू नये.

पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, जमिनीत ओल असताना, दोन-तीन झाडे खणून काढावीत. उपटू नयेत, गाठी मातीतच तुटून राहतात. गाठ नखाने फोडावी. आतून लालसर असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.