नको असलेले मेल नुसते डिलीट करू नका!

नको असलेला मेल आपण न वाचताच डिलीट करतो, पण त्याने पाठवणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. तोच मेल ‘स्पॅम’ म्हणून कळवला की त्याचं वजन पडतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने जीमेल खात्यांवर दिवसाला ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना नियम लावले: जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइब करता आलं पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत राहिल्या पाहिजेत. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारीसुद्धा त्यांना जड जातात. म्हणूनच ‘स्पॅम’चं बटण दाबायचा कंटाळा करू नका.

‘अनसबस्क्राइब केलं तर पत्ता चालू आहे हे भामट्यांना कळेल ना?’ शंका रास्त आहे. अनोळखी मेलमधली कुठलीच लिंक दाबू नये. तिथे थेट स्पॅम. पण ज्या दुकानाला आपणच पत्ता दिला, त्याला सरसकट स्पॅम ठरवलं तर उद्या खरेदीची पावतीही स्पॅममध्येच जाऊन पडेल. अशा वेळी पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः दाखवतं ते अनसबस्क्राइब वापरा. आणि नव्या ठिकाणी पत्ता देताना @ च्या आधी अधिक चिन्ह टाकून त्या दुकानाचं नाव जोडा. मेल आपल्याकडेच येतो, शिवाय पत्ता कुणाकडून फुटला तेही समजतं. काही फॉर्म हे चिन्ह घेत नाहीत, हे मान्य. तिथे खरेदीपुरतं वेगळं खातंच बरं.