दवाखान्याची पायरी आणि कायदा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. दवाखान्याची पायरी मात्र आजारी माणसाला चढावीच लागते. पण ती चढताच येत नसेल तर?

पनवेलच्या जुन्या वस्तीत काय किंवा नव्या वसाहतींत काय, उंच ओट्यावरचा किंवा जिना चढून जाण्याचा दवाखाना नवीन नाही. अर्धांगवायूच्या रुग्णांचे नातेवाईक पुष्कळदा एकटेच माझ्याकडे येतात व म्हणतात, "डॉक्टर, त्यांना आणता येत नाही, गोळ्या तेवढ्या लिहून द्या." रुग्णाला न तपासता गोळ्या चालू ठेवल्या, तर वाढलेला रक्तदाब वा पाठीवर झालेली जखम कळत नाही. म्हणजे पायरी हाच उपचारातला अडथळा ठरतो.

हा अडथळा दूर करणे ही मेहेरबानी नाही, तो रुग्णाचा हक्क आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने त्याची सुरुवात केली. त्याच्या जागी आलेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा अधिक व्यापक आहे. अपंगत्वाचे प्रकार त्याने सातावरून २१ वर नेले. कुष्ठरोगातून बरे झालेलेही त्यांत येतात. आपल्या जवळच्या नेरे येथील शांतिवनामुळे या रुग्णांचे प्रश्न पनवेलकरांना अपरिचित नाहीत. हाताची संवेदना गेलेल्याला दाराची गोल मूठ फिरवता येत नाही, हाही अडथळाच.

या कायद्याचे कलम २५ सांगते की, सरकारी व खाजगी दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत विनाअडथळा जाता आले पाहिजे आणि दिव्यांग रुग्णाला तपासणीत व उपचारात प्राधान्य मिळाले पाहिजे. कलम ४४ प्रमाणे, नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगी देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी २०१७ मध्ये नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुढच्या वेळी तो पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत जातो. मात्र नियमांतले निकष केवळ शिफारशीसारखे राहिले होते. म्हणून ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संबंधित नियम १५ रद्द ठरवून सक्तीचे निकष करण्यास सांगितले.

करायचे तरी काय? उतरण करताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी व कठडा बसवावा. याहून उभ्या उतरणीवर चाकाची खुर्ची चढवणे कठीण जाते. दार साधारण तीन फूट रुंद असावे. कर्णबधिर रुग्णाला औषधाच्या वेळा लिहून द्याव्यात. अंध रुग्णाला त्या तोंडी सांगाव्यात आणि सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांपैकी एकीला रबर बांधून द्यावे. याला खर्च तो कितीसा?

अडवणूक होत असेल तर आधी दवाखान्याकडे किंवा महानगरपालिकेकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. अर्जात पायऱ्या किती व दार किती रुंद हे मोजून लिहावे. मोजमाप दिले की टोलवाटोलवी कठीण होते.