ग्रंथ कोणासाठीं ?

धर्म बदलला म्हणजे मनुष्याची भाषाही बदलते काय ? प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु ज्यांच्या घरीं चातुर्मासांत पोथी लागते, ज्यांच्या कानांवर बाळपणापासून ओवी व अभंग पडत आले आहेत, त्यांस तो सोपा वाटणार नाहीं. देवाची ओळख आपणांस प्रथम शब्दांतूनच होते. मग नवी श्रद्धा जुन्याच शब्दांनीं बोलावी, कीं तिच्यासाठीं शब्दही निराळे निवडावे ? महाराष्ट्रांतील व गोमंतकांतील ख्रिस्ती लोकांपुढें हा प्रश्न चारशें वर्षें उभा आहे. त्याचीं दोन ठळक उत्तरें ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या दोन व्यक्तींनीं दिलीं, आणि तीं परस्परांच्या अगदीं उलट आहेत. म्हणून हा विषय आमच्या वाचकांस परका वाटूं नये.

आरंभ गोव्यांत होतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ सालीं तिकडेच निवर्तला. साष्टी प्रांतांत राहून त्यानें लोकांची भाषा आत्मसात् केली व १६१६ सालीं राशोल येथें आपलें 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केलें. लिपि रोमन, पण आंत सुमारें अकरा हजार मराठी ओव्या ! पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यांत येशूचें चरित्र. ग्रंथारंभीं एक नवख्रिस्ती श्रोता पाद्र्यास विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें बंद झालीं, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण कां देत नाहीं ? साऱ्या विषयाचें मर्म आम्हांस या प्रश्नांत दिसतें. पोथी गेली म्हणून पोथी ऐकण्याची भूक जात नाहीं. स्टीफन्सनें ती भूक ओळखली, आणि स्वर्गास 'वैकुंठ' म्हणावयासही तो कचरला नाहीं.

राज्यकर्त्यांस मात्र हा शहाणपणा टिकवितां आला नाहीं. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढला कीं, लोकांनीं आपली भाषा सोडून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलूं लागावें. अशा धोरणानें देशी भाषेची हानि झाली. परंतु ओव्या मेल्या नाहींत. कानडा प्रांतांत वसलेल्या ख्रिस्ती घरांत त्यांच्या हस्तलिखित प्रती जपून राहिल्या, व १९०७ सालीं मंगळूर येथें हा ग्रंथ पुनः छापला गेला.

पुढें प्रॉटेस्टंट मिशनरी आले. बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें विल्यम कॅरीनें १८०५ सालीं मत्तयकृत शुभवर्तमान मराठींत छापलें, आणि हळूहळू सारें बायबल मराठी गद्यांत आलें. ग्रंथ मराठी झाला. पण देवळांतील गाणें पुष्कळसें विलायती चालींवरच राहिलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें मन याच ठिकाणीं अस्वस्थ झालें. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला होता. परंतु तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापर्यंत आलों, अशी त्यांची भावना होती. त्यांनीं ख्रिस्ती भजनें व अभंग रचिले, कीर्तनें केलीं, १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, आणि 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य हातीं घेतलें. धर्म परदेशांतून आला तरी उपासना या मातीचीच असावी, हा त्यांचा आग्रह.

पंडिता रमाबाईंनीं नेमकी उलट वाट धरली. टिळकांची प्रतिभा अभंगांत रमली होती, तर रमाबाईंची विद्या संस्कृतांत मुरलेली होती. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'सरस्वती' ही पदवी दिली ती त्या विद्येसाठींच. पण केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांच्यासमोर बसत त्या दुष्काळांतून वांचविलेल्या, नुकत्याच अक्षरें गिरवूं लागलेल्या मुली. प्रचलित मराठी बायबलाची संस्कृतप्रचुर भाषा त्यांस कशी कळावी ? शिवाय, हिंदु तत्त्वज्ञानाचा अर्थ ज्यांस आधींच चिकटलेला आहे असे शब्द ख्रिस्ती ग्रंथांत नकोत, असें रमाबाईंचें मत होतें. 'अवतार' म्हणतांच दहा अवतार डोळ्यांपुढें येतात. देवानें एकदांच देह धारण केला हें ख्रिस्ती मत त्या शब्दांत कसें मावावें? तेव्हां उतारवयांत या विदुषीनें हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ ग्रंथावरून सारें बायबल साध्या मराठींत उतरविलें. खिळे जुळविणें, छापणें हीं कामें मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच केलीं. काम हातावेगळें होतें न होतें तोंच, १९२२ च्या एप्रिलांत, बाईंनीं देह ठेवला. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.

दोघांपैकीं बरोबर कोण ? आम्हांस वाटतें, हा वाद शब्दांचा नसून श्रोत्यांचा आहे. टिळकांचा श्रोता भजनांत वाढलेला. त्यास अभंगावांचून देव आपला वाटेना. रमाबाईंची श्रोती अशी कीं, तिला आजवर कोणी पोथी हातांतच धरूं दिली नव्हती. जुन्या शब्दांबरोबर जुना अर्थ चोरपावलांनीं येतो, हें टिळकांच्या मार्गांतील भय. भाषा निर्मळ होते पण मन गात नाहीं, हें रमाबाईंच्या मार्गांतील. दोघांनींही आपापलें भय पत्करलें, कारण दोघांनींही आधीं समोरचें माणूस पाहिलें.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ठायीं. १९१९ सालीं टिळक वारले तेव्हां 'ख्रिस्तायना'चे दहाएक अध्यायच झाले होते. जेमतेम लिहावाचावयास शिकलेल्या, एके काळीं कडक सोंवळें पाळणाऱ्या या बाईनें पुढचे चौसष्ट अध्याय लिहून तें पूर्ण केलें. सांचा टिळकांचा, पण बोली घरांतल्या बाईची !

कॅथॉलिक पंथांत हा प्रश्न पुष्कळ उशिरां सुटला. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच लॅटिनच्या जागीं लोकभाषेंत मिस्सा होऊं लागला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं पुढें 'सुबोध बायबल' लिहिलें. २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद एका ख्रिस्ती धर्मगुरूनें भूषविलें तें त्यांच्याच रूपानें. २०२४ सालीं ते निवर्तले.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, यांत आपला संबंध काय ? संबंध आहे. १२९० सालीं ज्ञानेश्वरांनीं गीता मराठींत आणली ती अशाच श्रोत्यांच्या कळवळ्यानें. पण आज तीच ज्ञानेश्वरी आपल्या मुलांस टीपांवांचून उलगडत नाहीं. पोथी आम्हीं भक्तीनें रेशमी वस्त्रांत बांधून ठेवितों, आणि मुलाचा प्रश्न 'मोठेपणीं कळेल' म्हणून टाळतों. केडगांवच्या त्या विदुषीनें आपली सारी विद्या अक्षरें गिरवणाऱ्या मुलींच्या पायरीवर उतरून वापरली. आपल्या घरांतील मुलाशेजारीं बसून एक ओवी त्याच्या भाषेंत सांगण्याइतकी सवड आपणांस आहे काय, एवढेंच प्रत्येकानें स्वतःस विचारावें.