गाडी ओढत का नाही?

गोरेगावहून सेनगाव किंवा हिंगोलीकडे निघालं, की सुगीच्या दिवसांत पुढे हमखास एखादा ट्रॅक्टर भेटतो. मागे पोत्यांनी गच्च भरलेली ट्रॉली. जुन्या मारुतीतले बाबा रस्ता मोकळा बघून ॲक्सिलरेटर दाबतात. इंजिन घुंऽऽ करतं, पण गाडी काही उचलत नाही! तेवढ्यात समोरून ट्रक येतो. पिकअप ही नुसती मिरवायची गोष्ट नव्हे, हे अशा वेळी कळतं. म्हणून दोष सापडेपर्यंत ओव्हरटेक बंद, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

घरी आल्यावर कुणीतरी काका बोनेटवर हात ठेवून सांगतात, "इंजिन गेलं! काम काढावं लागणार." इंजिनकामाचा खर्च ऐकला की आईचा चेहरा उतरतो. पण दोस्तांनो, काकांना जरा थांबवा.

बैलगाडी जागची हलत नसेल तर आजोबा काय बघतात? बैलात दम नाही, की जुवाची सापती सुटलीय, की चाकच चिखलात रुतलंय? मोटारीचंही अगदी तसंच. एक तर इंजिनात जोर तयार होत नाही, किंवा तयार झालेला जोर चाकापर्यंत पोचत नाही, किंवा काहीतरी चाकाला मागे धरून ठेवतंय.

चाकापासूनच सुरू करू, कारण त्याला पैसे लागत नाहीत. टायरमधली हवा तपासा. मग मोकळ्या सपाट जागेत, इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बघायची. स्टिअरिंगवर मोठं माणूस हवंच. मारुती 800 चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. दोघांनी लोटली तर सरकली पाहिजे. सरकत नसेल तर ब्रेक चिकटलाय. फेरी मारून आल्यावर अशा चाकाच्या रिंगजवळ धग लागते. हात लावायचा नाही!

आता सापती, म्हणजे क्लच. इंजिनाचा आवाज चढत जातो, पण काटा मात्र तिथंच. कधी जळका वासही येतो. मग समजावं, क्लच प्लेट झिजून घसरतेय. इंजिन बिचारं ठणठणीत असतं.

उरला बैलाचा दम. इथं एक गंमत सांगतो. आधी पायाखालची चटई उचला. दुमडलेली चटई पेडलखाली अडकली, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाच जात नाही. त्याची केबल सैल झाली तरी तोच प्रकार. यातून वाचलात, तर एअर फिल्टर बघा.

एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. हो, नऊ हजार! आपल्याकडची धूळ, मळणीचा भुसा, त्यात फिल्टरच्या डब्यात घरटं करणारे उंदीर. मग इंजिनानं श्वास कुठून घ्यावा? फिल्टर काढून उन्हाकडे धरा. उजेड दिसत नसेल तर तो बदला.

त्यानंतर प्लग. गार इंजिनातून मेकॅनिककडून काढून घ्यायचे, कारण त्या वायरींत हजारो व्होल्ट असतात. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काळी सुकी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. तेलकट असेल तर ऑइल आत शिरतंय. मारुती 800 च्या इंजिनाला तीनच सिलिंडर. त्यातला एक प्लग मेला तर गाडी थरथरते आणि तिसरा हिस्सा जोर जातो.

गाडी हळू चालवताना ठीक, पण चढावर किंवा वेगात गुदमरते? मग पेट्रोल कमी पोचतंय. फिल्टर तुंबला असेल, पंप थकला असेल. ही गाडी 1983 ते 2014 अशी तीस वर्षं बनली. तिच्या जुन्या मॉडेलांत कार्बोरेटर होता. त्यात कचरा अडकला, की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी आधी आचका देते. त्यात 2025 पासून देशभर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाही कमी. तेव्हा पाइप नजरेखालून घालायलाच हवेत. नंतरच्या, कार्बोरेटर नसलेल्या गाड्यांत डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. तो लागला असेल तर गॅरेजमध्ये यंत्र जोडून दोष वाचता येतो.

तुमचं काम? बाबांशेजारी बसून वहीत टिपणं करायची: गाडी कुठल्या गिअरमध्ये रखडली, गार असताना की तापल्यावर, धूर काळा की निळा. मेकॅनिकला "ओढत नाही" एवढंच सांगण्यापेक्षा ही वही दाखवा.

एवढं सगळं ठीक निघालं तरच काकांची पाळी! प्लगच्या जागी मीटर बसवून मेकॅनिक प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजतो. एखाद्यात कमी आलं, तर तिथं चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतो. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह गळतोय. मग मात्र इंजिन उघडावंच लागेल. हळदीचे पैसे आल्यावर उघडलं तरी चालेल, तोवर ट्रॅक्टरच्या मागून सावकाश जायचं.