गाडी घेताना आपणही बोलूया!

मैत्रिणींनो, घरात गाडी घ्यायची ठरली की आपल्याला विचारतात फक्त रंग! छोटी एसयूव्ही मलाही आवडते. चार मीटरच्या आतली, म्हणून बोळात वळते. उंच असल्याने खड्ड्यात टेकत नाही, गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनाही फार न वाकता बसता येतं.

पण महिला मंडळात मी एकच सांगते, आधी सुरक्षिततेचे तारे विचारा. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे ‘भारत एनकॅप’ ही गाड्यांची धडक-चाचणी सुरू झाली. ती कंपन्यांना ऐच्छिक आहे, म्हणून विचारायलाच हवं. त्यात मोठ्यांचे आणि मुलांचे तारे वेगळे असतात. आपण मुलांचे आवर्जून पाहायचे.

आणि तारे कितीही असोत, बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही हं! धडकेत एअरबॅग इतक्या जोरात फुगते की बाळाच्या जिवावर बेतू शकतं. त्याची जागा मागे, लहान मुलांच्या खुर्चीत. ती पक्की बसवायला ‘आयसोफिक्स’ची सोय आहे ना, बघून घ्या. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, कायदाच आहे तसा.

एवढं विचारून झालं, की मग रंग खुशाल आपल्या आवडीचा घ्या!