दिंडोरीचं पाणी कुठं कुठं जातं?

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्याचा नकाशा उघडून बघा. कादवा नदीवर करंजवण आणि पालखेड, उनंदा नदीवर पुणेगाव आणि ओझरखेड, शिवाय वाघाड, तिसगाव. एका तालुक्यात इतकी धरणं! वरच्या धरणांचं पाणी नदीतून पालखेडला येतं आणि तिथून डाव्या कालव्यानं निफाड, येवल्याकडे निघतं. कादवा पुढे नांदूरमध्यमेश्वरजवळ गोदावरीला मिळते, म्हणजे पाण्याचा हिशेब थेट मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणापर्यंत पोचतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आली. आता मराठवाड्यात तूट पडली की वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ येते. मग नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद ठरलेलाच.

मला मात्र खरा धडा वाघाड धरणाचा वाटतो. त्याच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांना हक्काचं पाणी मिळत नव्हतं. बापू उपाध्ये, भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं १९९० च्या सुमारास तिथं पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी भरायची, कुणी कोणतं पीक घ्यायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. पुढे संस्था वाढत गेल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आलं. त्यानंतर २००५ मध्ये राज्यानं याच धर्तीचा स्वतंत्र कायदा केला.

तुमच्या चारीवर पाणीवापर संस्था आहे का? असेल तर ती पाणी मोजून घेते की नुसती कागदावर आहे, कमेंटमध्ये जरूर लिहा.