बीज दोघांचे, तपासणीही दोघांची

लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही घरात पाळणा हलला नाही, की सुनेला डॉक्टरांकडे कधी न्यायचे, याची चर्चा सुरू होते. मुलाच्या तपासणीचा विषय मात्र सहसा निघत नाही. आपण घरातील वडीलधारे असाल, तर ही रीत बदलणे बऱ्याच अंशी आपल्याच हाती आहे.

सुश्रुतसंहितेत गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज असे चार घटक सांगितले आहेत: योग्य काळ, निरोगी गर्भाशय, पोषण आणि स्त्री-पुरुष दोघांचे बीज. आजचे वैद्यकही दोघांचा विचार करते. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोष एकटा किंवा स्त्रीकडील दोषाच्या जोडीने आढळतो.

पुरुषाचे आरोग्य

शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यासाठी वृषणांचे तापमान शरीराहून दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते. म्हणून तीव्र ताप किंवा भट्टीजवळचे काम बाधक ठरू शकते. तंबाखू, अतिमद्यपान, स्थूलता आणि अनियंत्रित मधुमेह हेही घातकच. शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांमुळे तर शुक्राणूंची निर्मितीच थांबू शकते.

परिसराचा परिणाम किती खोल असतो, हे १९७७ साली कॅलिफोर्नियातील एका कीटकनाशक कारखान्यात दिसले. आपल्याला मुले होत नाहीत, हे तेथील कामगारांच्याच लक्षात आले. तपासणीत डीबीसीपी या रसायनाने त्यांचे शुक्राणू घटल्याचे आढळले. आपल्या शिवारात फवारणी करणाऱ्या मुलाला हातमोजे व मुखपट्टी वापरण्याचा आग्रह म्हणूनच धरावा.

स्त्रीचे आरोग्य

स्त्रीची बीजे ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे आपल्या लेकीच्या बाळाचे बीज ती आपल्या उदरात असतानाच आकाराला आले होते! हा साठा वयानुसार घटतो, पस्तिशीनंतर अधिक वेगाने. धूम्रपानाने तो आणखी लवकर आटतो. थायरॉइडचे विकार, पीसीओएस, वजन फार कमी वा फार जास्त असणे यांमुळे बीज बाहेर पडण्याचा क्रम बिघडतो. जननमार्गाचा क्षय खोकला वा ताप नसतानाही गर्भनलिका बंद करू शकतो. आपल्या देशात याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

आपण काय करावे?

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांनी एकत्र तपासणी करावी. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांतच. वीर्यतपासणी सोपी असते, ती सुरुवातीलाच व्हावी. पतीने आज तंबाखू सोडली, तरी फरक दिसायला तीनेक महिने लागतात. तेवढा धीर धरावा. जाहिरातीतील चूर्णे सुचवू नयेत, समारंभात ‘गोड बातमी कधी?’ असे विचारू नये. घरात कोणी विडी ओढत असेल, तर ती आधी बंद करावी. तो धूर सुनेच्याही श्वासात जातो.